बाबांची वाचा परत येईल का? लकव्यानंतरच्या बोलण्याच्या व्यायामांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरमध्ये स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर इकडच्या मराठी घरांतून बोलावणं आलं, की पहिल्या अर्ध्या तासात तेच ते प्रश्न येतात. बहुधा स्वयंपाकघराच्या दारात, चहा गाळता गाळता, हळू आवाजात. (हळू आवाजाचा उपयोग नसतो. बाहेरच्या खोलीत पेशंटला ऐकू जातं आणि बरंचसं कळतंही.) ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एका जागी ठेवते आहे.

बाबांची जीभ जड झाली आहे. जिभेचे कोणते व्यायाम करून घ्यायचे?

आधी जीभच जड झाली आहे का, ते बघू. आपण सगळ्यालाच "जीभ जड झाली" म्हणतो, पण त्याखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि तिघींचे व्यायाम वेगळे.

पहिली म्हणजे अफेझिया, मराठीत वाचाघात. इथे बिघाड भाषेत असतो. बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असते, म्हणून उजवं अंग गेलेल्या पेशंटमध्ये हा जास्त दिसतो. शब्द ओठावर येऊन अडतो, किंवा "चमचा" म्हणायला जावं आणि "कात्री" बाहेर पडतं. काहींचं उलटं असतं: धडाधडा बोलतात, पण त्याला अर्थ नसतो आणि समोरच्याचं बोलणंही नीट उलगडत नाही. लकवा झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना अफेझिया होतो. 1861 मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका या डॉक्टरने ज्या पेशंटचं वर्णन केलं, तो फक्त "तां" एवढंच म्हणू शकत होता. डाव्या मेंदूचा पुढचा भाग आणि बोलणं यांचं नातं तिथून लक्षात आलं.

दुसरी डिसार्थ्रिया. इथे शब्द अगदी बरोबर ठाऊक असतो, पण ओठ, जीभ, टाळू, आवाज यांचे स्नायू साथ देत नाहीत. बोलणं तोंडात सुपारी धरल्यासारखं येतं.

तिसरी अप्रॅक्सिया. शब्द माहीत आहे, स्नायूंत जोरही आहे, पण कुठली हालचाल कधी करायची याची जुळणी बिघडलेली असते. "पाणी" एकदा "टाणी" होतं, एकदा "पाती". ओठ चाचपडत राहतात. आणि मग मांजर दुधात तोंड घालताना दिसली की "अरे हाड!" मात्र स्वच्छ निघतं.

घरी एक ढोबळ परीक्षा करून बघा. कागद आणि पेन द्या. उजवा हात चालत नसेल तर डाव्या हातात. वाकडंतिकडं का होईना, शब्द बरोबर लिहिला तर गडबड बहुधा उच्चारात आहे. लिहितानाही तोच घोळ झाला तर भाषेत. पुष्कळदा दोन गोष्टी एकत्र असतात, म्हणून पक्कं निदान तपासणीनंतरच. पण नुसतं "जीभ जड" म्हणून मोबाइलवर व्यायाम शोधायला जाऊ नका, एवढं नक्की.

मग आरशासमोर जीभ बाहेर काढणं, गाल फुगवणं, मेणबत्ती विझवणं?

यावर घराघरांत तास घालवलेले मी पाहिले आहेत. दहा वेळा जीभ उजवीकडे, दहा वेळा डावीकडे, सून मोजते आहे आणि सासरे घामाघूम. अफेझियात याचा काहीच उपयोग नाही. जीभ ठणठणीत आहे, तिला सांगणारा शब्द हरवला आहे. डिसार्थ्रियातही नुसतं जीभ हलवून बोलणं सुधारतं याला भक्कम पुरावा नाही. पोहायला शिकायचं तर पाण्यात उतरावं लागतं, गच्चीवर हातपाय मारून भागत नाही. बोलायचा सराव बोलूनच होतो. ओघळणारी लाळ किंवा गिळणं यासाठी थेरपिस्टने काही ठराविक व्यायाम दिले असतील तर ते जरूर करा, त्यांचं कारण वेगळं आहे.

तोंडात खडे धरून बोलणं, हेही विचारलं जातं. खडे अजिबात नाहीत. गिळताना ठसका लागणाऱ्या माणसाच्या तोंडात खडा म्हणजे संकटाला आमंत्रण.

अफेझियासाठी घरी नेमकं काय करायचं?

थेरपिस्ट आठवड्यातून दोन-तीन तास येणार, बाकीचे सगळे तास घरचेच. म्हणून हे उत्तर लांब आहे.

शब्द अडला की तो लगेच सांगून टाकू नका, आणि "सांगा ना, हे काय आहे?" असं परीक्षाही घेऊ नका. शब्दाच्या आजूबाजूने जा. माझे एक पेशंट, वय सत्तरीच्या पुढचं, सकाळी ताटलीसमोर बसले होते आणि "पोहे" येत नव्हतं. मी विचारलं, हे कधी खातो आपण? त्यांनी खिडकीतल्या उन्हाकडे बोट केलं. फोडणीत काय पडतं? "रा… राई." वर काय भुरभुरतात? "जिरावण." पाठोपाठ, कोणी न विचारता, "शेव. कांदा. पोहे!" इंदूरकराच्या डोक्यात पोह्यांचं आणि जिरावण मसाल्याचं सूत इतकं घट्ट असतं, की एक हाताला लागलं की दुसरं ओढलं जातं. ही रीतसर थेरपी आहे: वस्तू कुठल्या प्रकारची, कशासाठी, कशी दिसते, कुठे सापडते, कशाची आठवण देते, असे ठरलेले प्रश्न क्रमाने विचारायचे. शब्द आला नाही तरी ती उत्तरं देण्यातच अर्धं काम होतं. त्यानंतर पहिलं अक्षर द्या, किंवा अर्धवट वाक्य: "चहा फिका झाला, अजून थोडी…"

नामांइतकीच क्रियापदं महत्त्वाची, आणि त्यांच्याकडे घरचे लोक सहसा दुर्लक्ष करतात. चित्रांची पुस्तकं आणतात: आंबा, बैल, छत्री. पण क्रियापदाभोवती सगळं वाक्य उभं राहतं. एक क्रियापद घ्या, "भरणे". कोण काय भरतं? आई पाणी भरते. मुलगा कर्जाचा हप्ता भरतो. काकू ओटी भरतात. तुम्ही काय भरायचात? "बिल. लाइटचं बिल. रांगेत." हे झालं संभाषण. मग कुठे, कधी, कशाला, हेही विचारा. दिवसाला दोन-तीन क्रियापदं पुरे.

तिसरी गोष्ट, ज्या चार वाक्यांशिवाय माणसाचं अडतं ती पाठ करून घ्या. पुस्तकातली नव्हे, त्यांच्या आयुष्यातली. पुण्याच्या लेकीला फोनवर: "मी बरा आहे. जेवलो. तू कधी येतेस?" रिक्षावाल्याला: "राजवाडा चलोगे?" आधी दोघांनी एका सुरात, मग तुम्ही अर्धं सोडून द्यायचं, मग त्यांनी एकट्याने, रोज वीस वेळा तरी. आणि नंतर खरा फोन लावायचा. खरा फोन लावल्याशिवाय तो सराव अर्धाच.

हे चालू असताना टीव्ही बंद. चष्मा, कवळी, कानाचं मशीन जागेवर. काहींना लकव्यानंतर उजव्या बाजूचं दिसत नाही. त्यांच्यासमोर चित्र उजवीकडे ठेवून "यांना हेही ओळखता येत नाही" म्हणणं हा आपला दोष.

आई आरती अख्खी म्हणते, पण "पाणी दे" म्हणता येत नाही. नाटक तर नाही ना?

नाही हो. पाठ असलेलं, सुरातलं, वर्षानुवर्षं घोटलेलं बोलणं मेंदूत वेगळ्या वाटेने येतं. आरती, शुभंकरोति, पाढे, वारांची नावं ही त्यातलीच. म्हणूनच एखाद्याला "सात" म्हणायचं तर तो एकपासून मोजत सातला येऊन थांबतो. हसू नका, त्याने स्वतः शोधलेली ती युक्ती आहे.

याच गोष्टीवर 1973 मध्ये बॉस्टनच्या थेरपिस्टांनी एक पद्धत बांधली. रोजचं छोटं वाक्य दोनच सुरांत, चढ-उतार करून म्हणायचं आणि प्रत्येक अक्षराला पेशंटच्या डाव्या हाताने टेबलावर थाप द्यायची. "पा-णी ह-वं." आधी दोघांनी नुसतं गुणगुणायचं, मग शब्दांसह, मग तुमचा आवाज हळूहळू काढून घ्यायचा, शेवटी सूरही काढून साधं बोलणं. ज्यांना समजतं चांगलं पण बोलणं तुटक आणि मोजकं आहे, त्यांना हिचा फायदा होतो. सराव केलेली वाक्यं सुधारतात. नवीन वाक्यांत तेवढा फरक पडतोच असं नाही. नुसतं भजन लावून ठेवणं किंवा आरती म्हणवून घेणं म्हणजे ही थेरपी नव्हे. आईला बरं वाटतं म्हणून आरती म्हणू द्या, ते कारण पुरेसं आहे.

थेरपी मराठीत करायची की हिंदीत?

इंदुरात हा प्रश्न सुटत नाही, आणि पुण्याच्या पुस्तकात त्याचं उत्तर नाही. आपल्या माणसांचं घर मराठीत, शाळा आणि नोकरी हिंदीत, अर्ज इंग्रजीत. बायकोशी मराठी, शेजाऱ्याशी हिंदी, आणि आपली मराठीही "येऊन राहिलो आहे"वाली.

एका घरात काकांचं बोलणं परत यायला लागलं ते हिंदीत. पस्तीस वर्षं कचेरीत हिंदीच बोललेले. "सुनो, चाय।" काकूंना ते फार लागलं. "चाळीस वर्षांच्या संसारात मला कधी 'सुनो' म्हणाले नाहीत," म्हणाल्या. त्यांचं दुःख खरं होतं, पण काकांनी काही ठरवून केलेलं नव्हतं. रिबो या फ्रेंच विद्वानाचं म्हणणं होतं, की आधी शिकलेली भाषा आधी परतते. पीत्र या दुसऱ्या फ्रेंच डॉक्टरने 1895 मध्ये मांडलं, की आजाराआधी जी जास्त वापरात होती ती आधी येते. प्रत्यक्षात दोन्ही भाषा बरोबरीने सुधारताना जास्त दिसतात, पण अपवाद भरपूर.

माझा नियम साधा आहे. ज्या भाषेत त्या माणसाला आज बोलायचं आहे, तिच्यात सराव. घरातली वाक्यं मराठीत, रिक्षा आणि भाजीवाल्याची हिंदीत. मराठी शब्द मागितला आणि हिंदी आला, तर तो बरोबर धरा. "पानी" आलं? पाणी द्या, आणि देताना "हं, पाणी" म्हणा. एकच करा: तपासणी दोन्ही भाषांत करून घ्या. नुसती हिंदीत तपासणी करून "समज कमी आहे" असा शेरा मारलेला पेशंट मी पाहिला आहे. मराठीत तीच बाई सगळं समजत होती.

शब्द बरोबर आहेत, पण उच्चार अस्पष्ट. त्याचं काय?

ही डिसार्थ्रिया. पाठ टेकवून ताठ बसवा. एका श्वासात तीन-चारच शब्द, मग थांबून नवा श्वास. प्रत्येक शब्दाला टेबलावर बोट. वेग आपोआप उतरतो आणि वेग उतरला की निम्मं बोलणं कळायला लागतं. आवाज मोठा काढायला लावा, पलीकडच्या खोलीतल्या माणसाला हाक मारल्यासारखा. लांब "आऽऽ" किंवा ॐकार इथे श्वासासाठी आणि आवाजासाठी चालतो. मग जोड्या: वेळ-वेल, काळ-काल, माळ-माल. त्यांनी एक म्हणायचा आणि तुम्ही डोळे मिटून कुठला ते ओळखायचं. ओळखता आलं नाही तर त्यांनाच कळतं, शिकवावं लागत नाही. ("पाणी"चं "पानी" होत असेल तर ते लकव्यामुळे की इंदूरमुळे, हे मी आधी घरच्यांना विचारून घेते.)

रोज किती वेळ? आणि किती दिवस?

पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते, म्हणून प्रकृती स्थिर झाली की सुरुवात करा. एका बैठकीत तास-दीड तास रेटण्यापेक्षा वीस-वीस मिनिटांच्या तीन बैठका बऱ्या; दुपारच्या झोपेनंतरची सहसा चांगली जाते. दमलेला मेंदू आधी भाषाच सोडतो, संध्याकाळी बोलणं घसरलं म्हणून घाबरू नका.

"किती दिवसांत बरे होतील" याला प्रामाणिक उत्तर नसतं. जखम कुठे, केवढी, सुरुवातीला किती बिघडलं होतं, यावर ते ठरतं.

वर्ष होऊन गेलं. आता उशीर झाला का?

"सहा महिन्यांत जे आलं ते आलं" हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे, की ते कुठून पसरलं याचा शोध घ्यावासा वाटतो. जर्मनीत लकव्याला सहा महिन्यांहून जास्त काळ झालेल्या 156 लोकांवर एक अभ्यास झाला आणि तो 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास थेरपी. रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं. वेग कमी होतो, दार बंद होत नाही. पण आठवड्याला अर्धा तास करून वर्ष काढलं असेल तर त्याला थेरपी करून पाहिली असं म्हणू नका.

"हो" म्हणतात आणि ताट पुढे केलं की ढकलतात.

अफेझियात हो आणि नाही यांची अदलाबदल नेहमीची. त्यात आपली ती मान डोलवण्याची पद्धत, जिचा अर्थ चांगल्या माणसालाही लागत नाही. एका कागदावर मोठं हिरवं "हो" आणि लाल "नको" लिहा आणि बोट ठेवायला सांगा. "चहा की दूध?" विचारताना दोन्ही कप दाखवा. आणि कळलं नसेल तर कळल्याचं सोंग करू नका. "मला नाही समजलं, परत दाखवा" म्हणा. घरच्यांच्या फोटोंची, औषधांची, नेहमीच्या जागांची एक छोटी वही हाताशी असू द्या. वही वापरली म्हणून माणूस बोलणं सोडून देत नाही, घोर कमी होतो आणि जास्त बोलतो.

आजोबा शिव्या देतात. आयुष्यात कधी दिली नव्हती.

तीही पाठ असलेल्या बोलण्यातलीच. ऐकून माहीत असतेच ना. पाहुण्यांना आधी सांगून ठेवा.

पाणी पिताना ठसका लागतो. मध-वेखंड चाटवू का?

नको. बोलायला आणि गिळायला बरेचसे स्नायू तेच लागतात. पाणी पिताना खोकला येणं, जेवणानंतर आवाज ओला-घोगरा होणं, वारंवार ताप येणं म्हणजे अन्न श्वासनलिकेत जात असण्याची शक्यता. त्यातून न्यूमोनिया होतो. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडात काहीही नवं घालू नका. भरवताना माणूस ताठ बसलेला आणि पूर्ण जागा हवा, घास लहान. जेवताना बोलण्याचा व्यायाम नको.

एखादी गोळी, एखादं मशीन?

वाचा परत आणणारी अशी ठरलेली गोळी नाही. मेंदूला बारीक विद्युतप्रवाह देण्याचे प्रयोग जगभर चालू आहेत, पण तेही थेरपीच्या जोडीला, तिच्याऐवजी नव्हे. यासाठी दागिने मोडू नका.

सारखे रडतात. व्यायाम करायचाच नाही म्हणतात.

लकव्यानंतर साधारण दर तिघांत एकाला नैराश्य येतं आणि त्यावर उपचार आहेत; न्यूरोलॉजिस्टला सांगा. कधी कधी मात्र रडू किंवा हसू मनात तसं काही नसताना फुटतं, तोही मेंदूच्या जखमेचाच भाग. अशा वेळी विषय बदला, सांत्वन करत बसू नका. आणि तुम्ही त्यांच्याशी लहान मुलासारखं बोलता आहात का, तेही एकदा ऐकून बघा. ज्या माणसाने घराचे व्यवहार केले, त्याला "शाब्बास, छान!" म्हटलं तर त्याला व्यायाम कशाला करावासा वाटेल?

थेरपिस्ट खरा की खोटा कसं ओळखायचं? खर्च कुठून भागेल?

भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा. बीएएसएलपी किंवा एमएएसएलपी ही आमच्या पदव्यांची नावं. फिजिओथेरपिस्ट चालायला शिकवतो, ते काम वेगळं. एमवायसारख्या सरकारी रुग्णालयात ईएनटी आणि न्यूरो विभागात चौकशी करा. आयुष्मान कार्ड दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. घरी सोडल्यावर चालणारी थेरपी त्यात बसत नाही. एक गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते: 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाणी आणि भाषेचं अपंगत्व आहे आणि त्यात अफेझियाचं नाव घालून उल्लेख आहे. अपंगत्व कायमस्वरूपी आणि 40 टक्के किंवा अधिक ठरलं तर बहुतेक सवलतींसाठी त्याचा उपयोग होतो.

बरं चाललं होतं, आज सकाळी अचानक बोलणं परत बिघडलं.

हे वाचत बसू नका, 108 लावा. दुसरा लकवा असू शकतो. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून शेवटचे बरे कधी दिसले ती वेळ लिहून बरोबर न्या.

नातवंडांनी काय करावं?

पत्ते खेळावेत. थट्टा नाही. 2001 मध्ये जर्मनीत जी थेरपी मांडली गेली, तिच्यात पत्त्यांचाच खेळ होता: मध्ये आडोसा, हातवारे बंद, हवा तो पत्ता तोंडाने मागायचा, दहा दिवसांत तीसेक तास. आपल्याकडे तो खेळ आधीपासून आहे, नॉट अ‍ॅट होम. समोरच्याचं नाव घ्यायचं, पत्त्याचं नाव घ्यायचं, आहे का विचारायचं. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर हे चारच रंग पुन्हा पुन्हा येतात आणि डाव जिंकायचा असतो, त्यामुळे कोणी "म्हणा, म्हणा" करत मागे लागत नाही. सुरुवातीला बारा पत्ते पुरे.

सुदामा नगरच्या एका घरात नातीने आजोबांना विचारलं, "चौकट राणी आहे?" त्यांनी पत्ते छातीशी धरले, जरा वेळ घेतला आणि म्हणाले, "नॉट… अ‍ॅट होम." स्पष्ट. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन डावांनंतर नातीच्या लक्षात आलं, की चौकट राणी तेव्हा त्यांच्याकडेच होती.